हात न टेकता

खंडेनवमीच्या दिवशी घरची तलवार हातात धरून गुडघ्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला मी भावकीसमोर नाटकी म्हटलं. नुसतं म्हटलं असतं तर चालून गेलं असतं, बायका म्हणतात. मी ते सिद्ध करून दाखवलं आणि लोकांनी मला शाबासकी दिली. एवढी मूर्ख बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी बऱ्याच पाहिल्यात. आमची भावकी मोठी आहे.

त्या बाईचं वर्णन करते. साठी ओलांडलेली, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, आणि नव्या नजरेचा गर्व चढलेली. भिंतीवरची पाल आज कुठल्या विचारात आहे तेही आपल्याला कळतं अशी तिची समजूत होती. मग घरातला माणूस, तोही चाळीस वर्षं जुना, तिला कळणार नाही हे शक्यच नव्हतं. ती बाई मला रोज सकाळी आरशात भेटते. दोन शब्द सुनावावेत असं फार वाटतं, पण तेव्हा तोंडात ब्रश असतो.

सुरुवात आषाढात झाली. आषाढातल्या शुक्रवारी पायऱ्यांनी म्हैसूरची चामुंडी टेकडी चढायची हा आमच्या यांचा तरुणपणापासूनचा नेम. वर जाऊन दर्शन घ्यायचं, पायऱ्यांनीच उतरायचं आणि घरी येऊन मला ऐकवायचं की अमका दमला, तमका धापा टाकत होता. त्या वर्षी ते अर्ध्यातून परत आले.

"वर बस जाते की," म्हणाले.

"देवीलाच सांगा खाली यायला," मी म्हटलं. "बसनं."

हसले ते. माझ्या असल्या बोलण्यावर ते नेहमी हसायचे, आणि मी नेहमी समजायची की त्यांना आवडलं.

मग जगलीवरून उठायची तक्रार सुरू झाली. जगली म्हणजे आमच्या जुन्या घरांपुढचा बसायचा बुटका ओटा. सकाळची कॉफी आणि पेपर तिथेच. पेपर वाचून झाला की हे खांब धरायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा धरायचे.

"पाय ऐकत नाहीत ग."

"लग्नापासून तुम्ही माझं ऐकत नाही. मी गेले का डॉक्टरकडे?"

तोंड सारखं कोरडं. पाण्याचा तांब्या शेजारी लागायचा. जेवायला बसले की म्हणायचे, लोखंड चघळल्यासारखं लागतंय. हे सारू पिताना म्हणायचे, सारू म्हणजे आमच्याकडचं रसम, आणि ते मी केलेलं. माझ्या सासूनंसुद्धा माझ्या सारूला कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि ती बाई देवळातल्या प्रसादाला नावं ठेवायची. मी तीन दिवस त्यांना दहीभात वाढला. फक्त दहीभात. लोखंडाची चव आली का, म्हणून रोज विचारलं. किती विनोदी वाटायचं मला ते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. हे खुर्चीत बसले, डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली आणि कन्नडमध्ये एकच शब्द म्हणाले, "वयस्सायतु." वय झालं. कॅल्शियमच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वं. त्या माणसानं यांना खुर्चीतून उठायला सांगितलं नाही. आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत पुढच्या पेशंटची चिठ्ठी लिहीत होते. बघितलं असतं तर दिसलं असतं की माझा नवरा खुर्चीच्या दोन्ही हातांवर सगळा भार टाकून उठतोय, जशी बाई शेवटच्या महिन्यात उठते. एवढी मान वर करायला किती वेळ लागतो? हा शब्द मी आता घरात बंद केलाय. वय झालं, वय झालं. ज्याला काही शोधायचा कंटाळा आलाय त्यानं म्हणायचा शब्द आहे तो.

पण डॉक्टरांवर किती ओरडू? त्यांनी एकदा बघितलं नाही. मी रोज बघत होते.

आणि बघत होते म्हणजे खरंच बघत होते, पडद्यामागून. एके सकाळी मी मुद्दाम कॉफी जगलीवर नेली नाही. स्वयंपाकघरात ठेवून आतूनच ओरडले, "ज्याला हवी त्यानं या." आणि बैठकीच्या पडद्याआड उभी राहिले. हे एकटे होते. आधी उठायला गेले, जमलं नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसल्या बसल्या एक पाय सरळ करून ताणला, सोडला, ताणला. दुसरा ताणला. मुठी आवळल्या, उघडल्या. आखाड्यात उतरायच्या आधी पैलवान करतात तसं. आणि मग उठले की चटकन. चालत आत आले आणि कॉफी घेतली. चांगली चार पावलं तरी झाली असतील.

मला काय आनंद झाला सांगू. चोर सापडल्याचा आनंद. कुणी बघत असलं की उठता येत नाही आणि कुणी नसलं की येतं, याला काय म्हणायचं? माझ्याकडे शब्द तयार होता.

त्यांची बहीण सरगूरला असते. तिला फोन करून सगळं सांगितलं. तिनं तिथल्या वैद्याचं तेल पाठवलं आणि वर म्हणाली, "वैनी, अण्णाला लहानपणापासून लाड लागतात. सुम्ने करतो." सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरात मराठी बोलतो आम्ही, पण कुणाला उडवून लावायचं असलं की कन्नडच सोयीचं पडतं. तेलाला मेलेल्या बेडकाचा वास होता. महिनाभर आमचं घर त्या वासात राहिलं.

आता ती तलवार. यांचे कोणी खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांची म्हणून एक तलवार आहे. धार केव्हाच गेली, आता तिनं काकडीसुद्धा कापली जायची नाही. पण खंडेनवमीला ती मधे असते आणि तिच्या भोवती सुना-नातवंडांचे लॅपटॉप, माझा मिक्सर, दारातल्या स्कूटर, सगळ्यांना चंदन-कुंकू, झेंडूची माळ. पूजा झाली की घरातल्या वडील पुरुषानं एक गुडघा टेकून बसायचं, तलवार दोन्ही हातांनी कपाळाला लावायची आणि तशीच धरून उठायचं. हात जमिनीला टेकायचा नाही. टेकला तर घराला वर्ष वाईट जातं, म्हणे. मग दारात कोहळा फोडतात.

त्या वर्षी पूजेच्या आधी हे मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाले, "या खेपेला मुलाला सांगूया का तलवार उचलायला?"

"का? तुम्ही काय म्हातारे झालात?"

"भीती वाटते ग. उठता नाही आलं तर?"

आज हे वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. भीती वाटते, असं हा माणूस मला लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाला होता. आणि मी काय केलं? पुरण वाटत होते, ते वाटत राहिले. म्हटलं, "उठता येतं तुम्हाला. मी बघितलंय."

ते बसले. तलवार कपाळाला लावली. उठायला गेले, अर्धे उठले आणि परत गुडघ्यावर. मुलगा पुढे झाला तर मी त्याचा दंड धरला. "कुणी हात देऊ नका," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाटक आहे. बघा, उठतात आता."

दुसऱ्यांदा प्रयत्न केला. परत खाली. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. लहान मुलं हसली, मग मोठीही. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या. तिसऱ्यांदा. पाय थरथरत होते आणि ते दातांवर दात ठेवून त्यांना दाबत होते. आणि चौथ्या खेपेला उठले. सरळ, ताठ, तलवार दोन्ही हातात, जमिनीला बोटसुद्धा न लावता.

"बघितलं?" मी म्हणाले. टाळ्या पडल्या. नणंद म्हणाली, "वैनी पक्की आहे." दारात कोहळा फुटला.

त्या दिवसापासून त्यांच्या पायांवर घरात कुणीच विश्वास ठेवला नाही. आणि त्यांनी तक्रार करणंही सोडलं. मला वाटलं, औषध लागू पडलं. मी खूश होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

संक्रांतीनंतर ते न्हाणीघरात बसले ते उठेचनात. धडपडले, कोपर सुजलं. मुलगी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पुन्हा मारली, एक्स-रे बाजूला ठेवला आणि म्हणाले की हे हाडांचं नाही, मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर.

मज्जातंतूंची डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, पायात खेळाचे बूट. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार. तिनं मात्र पहिलं काम काय केलं, तर यांना खुर्चीतून उठायला लावलं आणि हात बांधून बघत राहिली. मदत केली नाही. मग त्यांना टेबलावर बसवून गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय मेल्यासारखा लोंबत राहिला. मग म्हणाली, "सर, माझ्या हाताला पायानं जोरात ढकला. मी थांबा म्हणेपर्यंत." त्यांनी ढकललं. थांबवून तिनं लगेच हातोडी मारली आणि पाय टुणकन उडाला.

मी उभी राहिले. "हेच," मी म्हटलं. "हेच सांगते मी सगळ्यांना. आधी येत नाही म्हणतात आणि मग येतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी हरवलेली किल्ली सापडावी तसं पाहिलं. "हे तुम्ही घरीही बघितलंय?" तिनं विचारलं. "कधीपासून?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. आषाढ, जगली, पडद्यामागचं. तलवारसुद्धा. साक्षीदार बाई कोर्टात बोलते तसं सगळं. ती ऐकत होती. मग तिनं आपली दोन बोटं यांच्या मुठीत दिली आणि म्हणाली, दाबा, दाबत राहा. नंतर मलाही माझी बोटं तशीच द्यायला लावली. सुरुवातीला ओलं फडकं धरल्यासारखी पकड होती यांची. मग हळूहळू घट्ट, घट्ट. माझी बोटं दुखली.

"नाटकात हे असं होत नाही, अम्मा," ती म्हणाली. "हे आजारात होतं. या एका आजारात."

मग तारा लावून तपासणी झाली आणि नंतर ती म्हणाली, छातीचा स्कॅन करू. मी चिडले. पायांसाठी आलो आणि ही छाती बघणार. मुलीला म्हटलंही, ही पोर शिकतेय आपल्यावर.

फुफ्फुसात गाठ होती. कर्करोग.

डॉक्टर जेव्हा मला समजावून सांगायला बसली, तेव्हा इतका राग आला की मी खुर्चीची प्लॅस्टिकची कड नखानं सोलून काढली. खोकला नाही, रक्त नाही, धाप नाही, आणि फुफ्फुसात गाठ. ती म्हणाली, शरीराच्या शिपायांना ती गाठ आमच्या कुणाच्याही आधी दिसली. ते तिच्यावर तुटून पडले. पण त्या गाठीवर जी खूण होती, तशीच खूण नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथेही असते. शिपायांनी तिथेही मारामारी केली. म्हणून मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत नव्हता. जोर लावला, पुन्हा लावला, की हुकूम साठत जायचा आणि थोडा वेळ पोचायचा. म्हणून चौथ्या खेपेला उठले. तोंडाचा कोरडेपणा त्यातलाच.

"शिपायांचं मला सांगू नका," मी म्हटलं. "आमच्या घरात शिपायांचीच पूजा करतो आम्ही. त्यांनी घरातल्या माणसाचे पाय तोडले तर काय, माळ घालू?"

तिनं मनावर घेतलं नाही. चांगली मुलगी होती. मग म्हणाली, "अम्मा, एक सांगू? पायांनी आधी तक्रार केली म्हणून गाठ कळली. नाहीतर ही गाठ फार उशिरा कळते."

तिला वाटलं ती मला धीर देतेय. पायांनी तक्रार आषाढात केली होती. आम्ही तिच्यासमोर बसलो होतो तेव्हा माघ चालू होता. मधे कोण उभं होतं पडद्यामागे, ते तिला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. मी विचारलं, "तेव्हाच आलो असतो तर?" ती यांच्याकडे बघून म्हणाली, "उपचार आजपासून सुरू करू." असं उत्तर देणाऱ्या माणसावर रागावताही येत नाही, हेच मला सहन होत नव्हतं.

मग लोक आले. बातमी पसरायला आमच्या भावकीला फोनही लागत नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, पायातली चप्पल काढायच्या आधी: "ओढायचे का?"

ओढायचे. बेळगोळच्या कारखान्यात होते, पाळी सुटली की फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर सगळ्यांबरोबर उभे राहून सिगरेट ओढायचे. शर्टाच्या वासावरून मला कळायचं आणि मी भांडायची. नात झाली तेव्हा सोडली, एकदम, आणि ती नात आता स्कूटर चालवते. हे सगळं मी पहिल्या एकदोघांना सांगितलं. मग लक्षात आलं की त्यांना उत्तर नको होतं. निकाल हवा होता. ओढायचे म्हटलं की चेहऱ्यावर जरा सैलावल्यासारखं व्हायचं: चला, कारण मिळालं, आपल्या घरी येणार नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो, ओढायचे. तुमचे पण ओढतात की, गच्चीवर, तुम्ही देवळात गेलात की. त्यांचा स्कॅन कधी करताय?" त्या महिनाभर आल्या नाहीत. गच्चीवरचा धूरही बंद झाला. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालं.

औषधं चढवली, किरणं दिली. केस गेले, भूक गेली. पण गाठ आटली तशी, हळूहळू, पायांत थोडं थोडं परत आलं. वेगळी एक गोळीही होती, नसांना मदत करणारी, ती घेतली की तासाभरात जगलीवरून उठून मला स्वयंपाकघरात येऊन दाखवायचे. "बघ," म्हणायचे. मी बघायची. आता पडद्यामागून नाही.

त्यानंतर दोन दसरे मिळाले आम्हाला. दुसऱ्यानंतर ते गेले. तेव्हा रोग डोक्यात पोचला होता, आणि ते सगळं मी लिहिणार नाही. लोक म्हणतात, बरं झालं, दोन वर्षं मिळाली. त्यांना मी काही बोलत नाही. माझी जीभ शाबूत आहे, पण सुतकात त्यांच्या घरचं खाल्लंय.

त्यातल्या पहिल्या दसऱ्याचं सांगते. पूजा मांडली. मुलगा तलवारीपुढे बसायला निघाला तर हे म्हणाले, "थांब रे, मी बसतो." गुडघा टेकून बसले, तलवार कपाळाला लावली आणि उठायच्या आधी थांबले. सगळी भावकी श्वास धरून. मी जाऊन त्यांच्या शेजारी खाली बसले. माझे गुडघे कुरकुरले ते मागच्या रांगेत ऐकू गेलं असेल.

"खांद्यावर हात टेका," मी म्हटलं.

"टेकायचा नाही ना."

"जमिनीला. मी जमीन आहे का?"

मागून नणंद म्हणाली, "वैनी, तलवार दोन्ही हातांनी धरायची असते. वर्ष वाईट जाईल."

"मागच्या वर्षी हात न टेकता उठले होते," मी तिच्याकडे न बघता म्हटलं. "कसं गेलं वर्ष?"

 त्यांनी तलवार एका हातात घेतली, दुसरा हात माझ्या खांद्यावर दाबला आणि पहिल्याच खेपेला उठले. मला उठवायला मात्र दोन सुना लागल्या. मुलं हसली, आणि या खेपेला हसू दिलं मी.

दुपारी सगळे गेल्यावर आम्ही जगलीवर बसलो होतो. रस्त्यावर फुटलेले कोहळे, कुंकवाचं लाल पाणी, गाई ते चाटत होत्या. वर्षभर जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. माफी मागणं मला येत नाही, म्हणून भांडायच्या सुरातच विचारलं. म्हटलं, मागच्या दसऱ्याला मी एवढं बोलले, कुणाला हात देऊ दिला नाही, आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. नंतरही नाही. दवाखान्यात खरं काय ते कळलं तेव्हाही नाही. का नाही दिल्यात शिव्या?

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. गोळी घेतलेली होती, हात स्थिर होता.

"शिव्या कशाला देऊ ग? तू सगळ्यांसमोर नाटक म्हणालीस, आणि मी उठलो पण. मग मलाही वाटलं, हौदु, खरंच असेल, नाटकच करत असेन मी. त्यानंतर रोज सकाळी इथं बसून मी स्वतःलाच सांगायचो, साकु, पुरे आता नाटक, ऊठ."